वरचं पाणी

स्टुलावर उभं राहून नानासाहेब तारेच्या ब्रशनं न्हाणीघराचा स्लॅब घासत होते. काळ्या बुरशीचे पापुद्रे कपाळावर, चष्म्यावर पडत होते.

“उतरा आता,” दारातून केशरबाई म्हणाल्या. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. “पडलाव तर मला उचलणं व्हईल का?”

“एवढा कोपरा राहिलाय.”

“दिवाळीला बी असंच पांढरं केलतं. पुन्हा काळं झालंच की.”

नानासाहेब गुडघ्यावर हात ठेवून उतरले. एसटीची कंडक्टरकी संपली, गुडघेदुखी तेवढी घरी आली होती. केशरबाईंचा दमा यंदा वाढला होता. घरात ही बुरशी असेपर्यंत औषधं लागू पडणार नाहीत, असं भूम गावच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं.

दुपारी महारुद्र गवंडी आला. हातोडीनं स्लॅब ठोकून म्हणाला, “काका, खालून कायबी लावा, टिकणार न्हाय. पाणी वरनं मुरतंय. वरच्या न्हाणीची फरशी उखडावी लागंल.”

वर थोरले बंधू अण्णाराव राहायचे. आई गेल्यावर तिच्या जलदानविधीच्या दिवशी दोघा भावांची बोलाचाली झाली, तेव्हापासून नानासाहेब तो जिना चढले नव्हते. आज चढले. काय बोलायचं ते मनात घोळवत, जरा रागातच.

नागूबाईवहिनींनी दार उघडलं. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

“भाऊजी, तुमी?” त्या बाजूला झाल्या. “या. तुमच्याकडं पाणी गळतंय, ठावं हाय मला. पण मी काय करू? ह्ये दिसभर नळाखालीच बसत्यात. नळ बंद केला की रडत्यात.”

न्हाणीत अण्णाराव उघडे बसले होते. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात इतके वाळलेले. रस्त्याच्या गँगवर त्यांची सारी नोकरी गेली होती, खडी आणि डांबराच्या धुरात. हातानं दंड चोळत ते पुटपुटत होते, “निघंना. धूळ काय निघंना.”

“दादा,” नानासाहेबांनी हाक मारली.

अण्णारावांनी वर पाहिलं. “नवा आलास का गँगवर?”

मनात जुळवलेलं सगळं तिथंच राहिलं. “व्हय,” नानासाहेब म्हणाले.

“मग पाठ चोळ की जरा. माझा हात पुरंना.”

नानासाहेबांनी पँट वर दुमडली आणि भावाच्या मागं बसले.

खाली आले तेव्हा केशरबाई खाटेवर बसून वाटच पाहत होत्या. “बोललाव का? उखडू देत्यात का फरशी?”

नानासाहेबांनी सगळं सांगितलं. “त्यांना पाण्याबिगर ऱ्हावत न्हाय. फरशी कशी उखडायची?”

केशरबाईंनी खाटेची कड धरून दम घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता थकवा होता. “वरचं काम हुईपतुर खाली आणा त्यांना,” त्या म्हणाल्या. “न्हाऊ द्या आपल्या न्हाणीत. मी पुढल्या खोलीत पडंन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वर महारुद्रची हातोडी सुरू झाली. नानासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून अण्णाराव एकेक पायरी उतरले. उंबऱ्याशी थबकून त्यांनी केशरबाईंकडे पाहिलं. ओळख कसलीच नव्हती.

“ही बाई कोण?” त्यांनी विचारलं.

केशरबाई भिंतीला धरून उठल्या आणि थोरल्या दिरासमोर घ्यावा तसा पदर त्यांनी डोक्यावरून ओढून घेतला.