दर चार मिनिटांनी एक ओढ
मी अक्षरं शिकलो अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधी चाळीस वर्षं सुन्नेवा, माझी बायको, मला सगळं वाचून दाखवायची. हवामान, बायबल, भावाची पत्रं. आता तिच्या घशात गाठ होती. आवाज बसलेला. ती आमच्या बेटापासून दूर, कोपनहेगनच्या इस्पितळात होती. तिथले डॉक्टर म्हणत होते, कापली तर ती जगेल, पण आवाज परत यायचा नाही.

तिनं कॉम्प्युटरवर पत्र पाठवलं : "ऑपरेशनच्या कागदावर सही करू का? मग तुला वाचून कोण दाखवणार? चारपर्यंत कळव. फोन नको, फोनवर तू नुसतं हं हं करतोस. लिही. तूच, बिल्लाच्या हातानं नको."

तीन वाजले होते. धुक्यानं बंदर गिळलं होतं, मेंढ्यांचा आवाज तेवढा येत होता. कॉम्प्युटर शेजारच्या बिल्लाचा. ती मोजा विणत बसली होती. विसाव्या खेपेला मोडेमनं कुंईकुंई करत लाइन धरली.

"आता सोडू नकोस, हानुस. दुपारी सगळी बेटं याच नंबरावर तुटून पडतात. पाच मिनिटं गप्प बसलास, की पलीकडचं यंत्र म्हणतं, हा झोपला. लाइन कापतं."

"मला एका ओळीला दहा मिनिटं लागतात, बाई!"

"लिहायच्या खिडकीत लिही. दर चार मिनिटांनी मी सांगेन, तेव्हा टपालाच्या खिडकीत जा, पत्र आलंय का विचार, परत ये. अरे, गळ टाकून बसतोस तेव्हा मधूनमधून दोरी ओढतोसच ना?"

मी लिहू लागलो. "ओढ!" बिल्ला म्हणायची, मी ओढायचो. दुसऱ्या ओढीला सुन्नेवाचं पत्र आलं. उघडलं तर आत काहीच नाही. तिसऱ्यालाही तसंच.

"रिकामा गळ," मी म्हणालो.

"रिकामा कसा, मठ्ठा? ती तिथं बसलीय, एवढं कळवतेय."

मग धुकं खोलीत आल्यासारखं झालं. दोरी समुद्राच्या तळावरून पार तिच्यापर्यंत गेलीय आणि तिनं ती बोटाला गुंडाळून धरलीय, असं वाटत राहिलं. अक्षरं एकेक करून वर येत होती, ओली. किती वेळ गेला कळलं नाही. भानावर आलो तर बिल्ला सुया मांडीवर टाकून घोरत होती, आणि माझा हात आपणहून दोरी ओढत होता. कोळ्याचा हात. लाइन जिवंत होती.

चार वाजायला तीन मिनिटं असताना पत्र सोडलं. लगेच लाइन तुटली.

"गेलं का?" मी बिल्लाला हलवलं.

"कोण जाणे."

लाइन मोकळी झाली तसा फोन वाजला. मी उचलला. कोणी बोलेना. मग टक, टक. रिसीव्हरवर नख.

"हं," मी म्हणालो. "हं, हं."

"हं काय? वाच की तिला!" बिल्ला ओरडली.

पत्र पडद्यावर तसंच होतं. मी मोठ्यानं वाचलं : "सही कर. आता मी वाचीन, तू ऐक. चुकलो तर बोट आपट."

दुसऱ्याच वाक्यात मी अडखळलो, आणि बोटाच्या वाक्यापर्यंत पोचायच्या आधीच तिनं बोट आपटलं.