पिनोमावशीचा पंप

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जेवणाच्या ताटासारखी खोलगट, पण घराहून उंच. कानारी बेटांपैकी एकाच्या किनाऱ्यावर, टोमॅटोच्या मळ्यांशेजारी मला उभे केले. माणसे चंद्राकडे निघाली, की त्यांचे बोलणे ऐकायचे आणि त्यांच्या देशात पोहोचवायचे, हे माझे काम. मोठमोठे पाहुणे येऊन माझे कौतुक करीत. मीही तेव्हा भारी तोऱ्यात असे.

चंद्र समुद्रातून वर येताना मात्र मला खाली वाकावे लागे, आणि समोरच होता पिनोमावशीचा मळा. तिच्या पाण्याच्या विजेच्या पंपातल्या ठिणग्यांची कडकड थेट माझ्या कानात शिरे.

एका मोहिमेच्या वेळी वाळवंटाकडचा तापलेला, धुळीचा वारा सुटला. रोपांनी माना टाकल्या. माझी यंत्रे चालवणाऱ्या केंद्रातला फाउस्तीनो मावशीच्याच गल्लीत वाढलेला. चंद्र जरा वर चढेपर्यंत पंप बंद ठेव, असे त्याने विनवले, तर मावशी उसळली, "लहानपणी माझे टोमॅटो पळवायचास, आता पाणी तोडायला आलास? या रोपांवर माझं वर्ष निघतं. तुझा चंद्र भरणार आहे का माझं पोट?"

फाउस्तीनो वाद घालत बसला नाही. तिला आत आणून त्याने तिच्या कानांना हेडफोन लावला. दूरवर कोणीतरी बोलत होते. भाषा तिला कळेना. पण बोलता बोलता तो माणूस खोकला, आणि पुढचे सगळे कडकड आवाजात बुडाले.

"काय वाजतंय हे मेलं?"

"तुझाच पंप, मावशी."

मावशीने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. मग हळूच म्हणाली, "त्याची आई ऐकत असेल का रे?"

"आपल्याला ऐकू आलं, तर तिला ऐकू जाईल."

ती तडक मळ्यात गेली. पंप थांबला आणि तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. पाळी संपल्यावर फाउस्तीनो आणि त्याचे सोबती बादल्यांनी तिच्या रोपांना पाणी घालत राहिले. तरी बरीच रोपे गेली. मावशीने एका शब्दाने बोलून दाखवले नाही. उलट सगळ्यांना भाजलेले पीठ दुधात कालवून खाऊ घातले.

पुढे चंद्राच्या फेऱ्या संपल्या. झाकलेल्या गाड्यांतून माझी यंत्रे नेली. फाउस्तीनोची बदली झाली. निरोप घेताना मावशीला खरे सांगणे त्याच्या जिवावर आले, आणि ते राहूनच गेले. आता माझ्या सावलीत शेळ्या बसतात आणि मला गंज चढला आहे. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मावशी पाठीत वाकली आहे. तरी समुद्रातून चंद्र डोकावला, की ती काठी टेकत जाते, पंप बंद करते आणि माझ्याकडे बघत बांधावर बसते. चंद्र वर चढला, की पुन्हा सुरू करते.

मित्रांनो, माझी डागडुजी नाही केलीत तरी चालेल. एवढेच करा: मला आता ऐकू येत नाही, हे तिला सांगू नका.