कुंताच्या हातचं पाणी

रेवदंड्याच्या समुद्राशी कुंताला काही देणंघेणं नव्हतं. ती आली होती रुख्मिणीकाकीसाठी. आमगावजवळच्या त्यांच्या गावातल्या बायकांनी कोकणात जायला गाडी ठरवली, तीत काकीही आहे असं कळलं, आणि कुंतानं त्याच दिवशी अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले.

एकेकाळी तिच्या अनारशांना पार तिरोड्यापर्यंत मागणी होती. लग्नघरी आधी कुंताला बोलावणं जायचं, मग भटजीला. हेच रुख्मिणीच्या पोटात दुखलं, कारण त्याआधी तो मान तिचा होता. मग एक दिवस तिचा नातू अनारसा खाऊन ओकला. कार्ट्यानं त्याआधी कच्च्या कैऱ्या किती चावल्या, ते कोणी विचारलं नाही. पुढच्याच पंगतीत कुंता वाढायला आली, तर रुख्मिणीनं नातवाच्या पत्रावळीवर हात आडवा धरला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या घरी लेकरू आहे बाई. तुह्या हातचं बाधते."

झालं! दोन वर्षं गावात कुंताच्या हातचं कोणी पाणी घेईना. भरून नेलेला डबा तसाच भरलेला परत यायचा. तिची लेक रिंकी लग्नाची. पाहायला आलेले पाहुणे चहाला हात न लावता उठून गेले. त्या दिवशी कुंता रडली नाही, चुलीपुढे बसून शिव्या देत राहिली. बरं केलं! भर लोकांत हिला माझ्या हातचं घ्यायला लावीन, नाहीतर नावाची कुंता नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं.

रेवदंडा हे गावच्या गाव कोटाच्या आत. तटातून रस्ता आत शिरतो. आत नारळाच्या वाड्या, घरं, बाजार, आणि मध्येच फिरंग्यांच्या वेळच्या बिनछपराच्या भिंती उभ्या. बायका बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि सुकट निवडण्यात रमल्या.

"एवढं मोठं बंदर होतं म्हने, देशोदेशीची जहाजं यायची," रुख्मिणीची सून गुंजन हसत म्हणाली, "अन् आपुन कांदे घेऊन राहिलो!" मग तिनं मागे पाहिलं. सासूचा पत्ता नव्हता.

साऱ्या शोधायला पांगल्या. कुंता तटाच्या कडेकडेनं निघाली. उंच मनोऱ्याच्या पलीकडे, एका पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून रुख्मिणी बसलेली सापडली. पाय मुरगळलेला, ऊन डोक्यावर, ओठ सुकून पांढरे पडलेले.

"कुंते, पानी आहे का वं?"

कुंतानं बाटली पुढे केली. तिला वाटलं, काकी आता बिचकेल, देवाचं नाव घेईल, निदान हात तरी मागे घेईल. कशाचं काय! रुख्मिणीनं बाटली हिसकली आणि सरळ तोंडाला लावली.

कुंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही खरंच भ्याली असती, तर भोळी म्हातारी म्हणून एक वेळ सोडून दिलं असतं. पण हिला सारं ठाऊक होतं! कुंताच्या हातात काही वाईट नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असून हिनं रिंकीच्या दारातून पाहुणे उठवले.

दोन घोट पोटात गेले नाहीत तोच बायकांचे आवाज आले. रुख्मिणीनं घाईघाईनं बाटली परत कुंताच्या हातात कोंबली, पदरानं तोंड पुसलं. "सांगजो नोको. लोकं का म्हनतील?"

कुंतानं बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

बायका धापा टाकत आल्या. गुंजन सासूचा पाय चेपायला बसली. उन्हानं साऱ्यांच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. कुंतानं आपली वर धरली, तशा त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"घेता का काकी?"

"नोको. तुह्या हातचं मी नाही पेत," रुख्मिणीनं तोंड फिरवलं. जीभ मात्र ओठांवरून फिरत होती.

"बरं. मंग मी कायले हे ओझं वाहून राहिली?" म्हणत कुंतानं झाकण काढलं आणि बाटली तिरपी केली. पाण्याची बारीक धार तापलेल्या दगडांवर पडू लागली. कुंताला मुळीच घाई नव्हती. रुख्मिणीचे डोळे त्या धारेला चिकटले. आणि मग, साऱ्यांच्या देखत, तिचे दोन्ही हात पुढे आले, धारेखाली ओंजळ झाली, आणि ती आवाज करत पिऊ लागली.

"आई!" गुंजन ओरडली. "मंग मी दोन वर्सं माह्या लेकराले हिच्या अंगनात काऊन नाही जाऊ देलं?"

रुख्मिणीनं ओले हात लुगड्याला पुसले.

"आताच पेली ते, तुमी यायच्या आधी," कुंता म्हणाली. "पाहाले कोनी नव्हतं, तवा. भेव तिले कधीच नव्हतं."

बायकांनी रुख्मिणीला धरून गाडीत आणलं, पण तिच्याशी कोणी बोललं नाही. गाडी कोटाबाहेर पडली तसा कुंतानं डबा उघडला. पहिला अनारसा गुंजननं उचलला आणि साऱ्यांसमोर खाल्ला. मग मागच्या बायकांचे हात आले. डबा गाडीभर फिरून परत आला तेव्हा तळाला एकच उरला होता. खिडकीशी बसलेल्या रुख्मिणीनं हळूच हात पुढे केला.

कुंतानं झाकण लावलं.

"नोको काकी. तुमच्या घरी लेकरू आहे. माह्या हातचं बाधते."