थरथर कुठे गेली

मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून यंत्रं लादून निघालेले ट्रेलर आमच्या सोसायटीमागच्या नाल्यावरच्या छोट्या पुलावरून जातात, आणि सकाळी सात-वीसला त्याच पुलावरून शेजारच्या दिनकररावांच्या नातीची, सानवीची, शाळेची बस जाते. आयुष्यभर पुलांची पाहणी करून निवृत्त झालेल्या दिनकररावांना त्याचाच घोर लागला होता. अर्ज देऊन थकले, तेव्हा ते रोज सकाळी कठड्यावर पाण्यानं भरलेली पितळी वाटी ठेवून शेजारी उभे राहू लागले. मला कुठलं राहवतंय! दुधाच्या पिशवीचं निमित्त करून मीही जायची.

“नयनाबेन, नुसत्या वजनाचं काही नाही,” ते म्हणाले. “चाक त्या खड्ड्यात आपटतं, आणि त्या ठोक्याचा ताल पुलाच्या स्वतःच्या तालाशी जुळला, की थरथर वाढतच जाते.”

ट्रेलर आला. वाटीतलं पाणी काठावरून सांडलं.

पुढच्या आठवड्यात मात्र बसमागोमाग ट्रेलर गेला, तरी पाणी आरशासारखं निश्चल. दिनकररावांनी दोन्ही तळहात कठड्यावर टेकवले होते, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावेत तसे.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले. त्यांच्या हातातली कपबशी खुळखुळली, थांबली, पुन्हा खुळखुळली.

“काय हो, आज आमच्या कपांवर पहारा?” त्यांच्या पत्नी, पद्मावहिनी, हसल्या.

मी कपावरची नजर गॅलरीबाहेर वळवली. त्यांच्या गॅलरीतून पूल दिसतो. ट्रेलर पुलावर चढला की कप वाजे, उतरला की थांबे.

“कुणीतरी धरायला हवं ना,” दिनकरराव हळूच म्हणाले.

महिन्याभरात त्यांचं सगळं अंगच थरथरू लागलं. इस्पितळात नेलं, डॉक्टरांना कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी भरून एकटीच पुलावर गेले. इकडून बस आली, समोरून ट्रेलर. पाण्यावर वलयांत वलयं उठली, पायाखालचा पूल हलू लागला, खिडकीतून सानवी मला हात हलवत होती. मी पिशवी टाकली आणि दोन्ही तळहात कठड्यावर दाबले. अख्खा पूल माझ्या हातांखाली हळूहळू शांत होत गेला. देवळातही मला कधी असं भरून आलं नव्हतं.

बस पार झाली.

दुपारी पद्मावहिनींचा फोन आला. “थरथर एकदम थांबली हो! शांत झोपलेत.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे काय वाजतंय? बांगड्या?”

मी मनगटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. ट्रेलर नुकताच पुलावर चढत होता.