साडेचोवीस मीटर

मित्रांनो, कोठाराच्या भिंतीला टेकून उभी असलेली ही सपाट, काळपट फळी म्हणजे मी. मी एक जुनी स्की आहे, जोडीतली डावी. उजवी आता नाही. तिचे काय झाले ते पुढे सांगेनच. बर्फावरून घसरत येऊन उंचवट्यावरून हवेत झेप घ्यायची, यासाठी माझा जन्म झाला. आज मला पाहून कोणाला ते खरे वाटणार नाही.

मला घडवले आस्लाकने. बर्फाळ टेलेमार्क प्रांतातल्या आमच्या खोऱ्यात स्की घडवणारे पुष्कळ होते, पण आस्लाक लाकूड करवतीने कापत नसे. ॲश झाडाचा ओंडका तो पाचर ठोकून रेषेरेषेने फोडायचा. लाकूड जिथून स्वतः फुटते तिथे ते कधी दगा देत नाही, असे तो म्हणे. मग त्याने आपल्या लेकीला, एकोणीस वर्षांच्या गुन्हिल्डला, अंगणात उभे केले.

"हात वर कर."

"किती वर, बाबा?"

"पोचेल तितका. मनगटापर्यंत स्की हवी. आणि टाचा उचलू नकोस, मापात लबाडी चालत नाही."

त्या मापाने आम्ही दोघी झालो. वाफेवर आमची टोके वळली, मधोमध पोटाला बाक आला, तळाला पाइनचे ऊन ऊन डांबर मुरले. तो बाक म्हणजे आमचा जीव. हिवाळा संपला की आम्हाला पोटाला पोट लावून दोन पट्ट्यांनी बांधायचे आणि मधे लाकडी ठोकळा घालायचा, अशी इकडची रीत. ठोकळा नसेल तर बाक जातो. बाक गेला की स्की नुसती फळी होते.

आधी आम्ही गोठ्याच्या छपरावरून उडायचो. छपरावरचा बर्फ जमिनीला टेकलेला असे, खाली बर्फाचा ओटा रचला की झाले. कोण किती लांब गेले याची कोणाला पर्वा नव्हती. न पडता उभा राहिला तो जिंकला. मग ब्योर्केलीच्या उतारावर रीतसर शर्यती सुरू झाल्या आणि उडी मोजायचे दिवस आले. उताराच्या कडेने मापाडी उभे राहत. उडी मारणारा जिथे टेके, तिथे बर्फात फरच्या झाडाची डहाळी खोवायची आणि मग दोरीने मोजायचे. आस्लाक त्यांतला मुख्य मापाडी होता. एकदा त्याने पोटच्या मुलाची, हाल्वोरची, उडी अर्ध्या मीटरने कमी धरली होती. तेव्हापासून त्याच्या मापावर गाव डोळे मिटून विश्वास ठेवायचे. त्याचा त्याला फार अभिमान होता, आणि तोच पुढे नडला.

शर्यतीत मुलींना घेत नसत. पण ताज्या बर्फावरून पहिल्यांदा कोणीतरी उडी मारून माग पाडावा लागे. ते काम जोखमीचे, म्हणून मुलगी चाले. त्या उडीचे माप मात्र नसे. तीन हिवाळे गुन्हिल्डने माग पाडला. तिला एकच गोष्ट हवी होती. बक्षिसाचा चांदीचा चमचा नको होता, टाळ्या नको होत्या. आपण किती लांब उडतो, तो आकडा हवा होता.

तिसऱ्या हिवाळ्यातली ती शेवटची शर्यत. वरती हाल्वोर बहिणीला चिडवत होता.

"गुन्हिल्डबाई, पडायचं तर बाजूला पडा हं! तुमच्या खड्ड्यात आम्ही नको पडायला."

"तू आधी चमचा जिंकून दाखव, मग तोंड चालव."

ती निघाली. ओट्याच्या टोकावर तिने गुडघे ताठ केले आणि आम्ही हवेत गेलो. मित्रांनो, ती उडी मला अजून आठवते. खाली मापाडी एकामागून एक मागे पडत गेले. सगळ्यांत शेवटी उभ्या असलेल्या आस्लाकच्याही पुढे आम्ही टेकलो. एक पाय पुढे, एक मागे, जरा डुगडुगलोसुद्धा नाही. आणि आस्लाकचा हात सवयीने पुढे झाला. तो धावला आणि त्याने डहाळी खोवली.

"अरे बापरे!" शेजारचा मापाडी तोव ओरडला. "आस्लाक, ही पोरगी आहे की ससाणा?"

पण पंचांच्या मचाणावरून आवाज आला, "ती डहाळी काढा! माग पाडणाऱ्याचं माप नसतं. का मापाड्याच्या लेकीला वेगळा नियम आहे?"

लोक हसले. आस्लाकचा चेहरा लालबुंद झाला. त्याने वाकून डहाळी उपटली.

गुन्हिल्ड खाली उभी होती. तिने ओरडून विचारले, "बाबा, किती झाली?"

आस्लाक तिच्याकडे न बघता म्हणाला, "बर्फ बरा आहे. माग छान बसलाय."

हाल्वोरने एकवीस मीटर मारले आणि चमचा त्याला मिळाला.

लोक पांगल्यावर, अंधार पडायच्या आत, आस्लाक कोठारात आला. त्याच्या हातातली दोरी ओली होती. "भोक तसंच होतं डहाळीचं," तो आमच्याशी बोलावे तसा पुटपुटला. "साडेचोवीस." मग त्याने नवा ठोकळा घेतला, चाकूने त्याच्या एका बाजूवर तो आकडा कोरला, आकडा माझ्या पोटाकडे करून ठोकळा मधे घातला आणि पट्टे आवळले. पुढच्या हिवाळ्यात गुन्हिल्ड पट्टे सोडील आणि आकडा वाचील, असा त्याचा बेत. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती ना!

पुढचा हिवाळा आलाच नाही. मे महिन्यात गुन्हिल्ड अमेरिकेला निघाली. आस्लाक आम्हाला हातात घेऊन दारात उभा राहिला.

"स्की नेत नाहीस?"

"तिकडे कोण मोजणार आहे, बाबा?"

एक पट्टा सोडायचा अवकाश होता. मी मनातल्या मनात किती ओरडले! त्याचे बोट पट्ट्याच्या गाठीवर गेलेसुद्धा. पण तिला न्यायला आलेली गाडी हलली आणि तो नुसता उभा राहिला. नंतर तो तिला पत्रे पाठवी. लिहून झाले की आमच्यापुढे वाचून दाखवी. वासरे किती झाली, बर्फ किती पडला, सगळे त्यात असे. आकडा कधीच नसे.

आस्लाक गेला. हाल्वोरच्या बायकोला वासराच्या गळ्यासाठी पट्टे हवे होते. तिने ते सोडले, ठोकळा खाली पडला. कोठाराचे दार वाऱ्याने आपटायचे, म्हणून तिने तो दाराखाली सरकवला. आकडा जमिनीकडे गेला. उजवीला कुंपणात ठोकले, ती तिथेच कुजली. माझा बाक वर्षभरात गेला.

तीस वर्षांनी गुन्हिल्ड घरी आली. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखले आणि पोटावरून हात फिरवला.

"बाक गेला रे, हाल्वोर. बाबांनी साधा ठोकळासुद्धा घातला नव्हता."

"म्हातारा शेवटी विसराळू झाला होता गं."

"किती झाली असेल माझी ती उडी?"

"माझ्याहून जास्त. आता कबूल करतो."

"बाबांना माहीत असणार."

"विचारायचंस मग."

"विचारलं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात वारा आला आणि दार हलले. गुन्हिल्डने बुटाच्या टोकाने ठोकळा दाराखाली नीट सरकवला आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, माझी निगा कोणी राखली नाही, याचे मला दुःख आहे. पण त्याहून मोठे दुःख ते ठोकळ्याचे. तुमच्या माणसाने काही चांगले केले, तर त्याच दिवशी, सगळ्यांदेखत, त्याच्या तोंडावर सांगा. कोरून ठेवू नका. आणि कधी या बाजूला आलात, तर आत येताना दाराखालचा तो ठोकळा एकदा उलटा करून मोठ्याने वाचा. मला बोलता येत नाही.