बिनचोचीच्या मोराची परदेशवारी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. जुनी म्हणजे भंगारातली नव्हे. माझा एक बंद दोनदा शिवलेला आहे आणि हळदीचा एक डाग माझ्यावर असा मुरला आहे, की नवख्या माणसाला तो नक्षीतलाच वाटतो. तरीही परदेशाबद्दल चार शब्द बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण मी जर्मनीत तीन वर्षं काढली आहेत. आमच्या गल्लीत खरं तर एवढ्याचीही गरज नसते. प्रदीपमामा दुबईत अकरा दिवस राहून आले आणि गेली चौदा वर्षं ते त्याच भांडवलावर सल्ले देत आहेत.

माझा जन्म सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात झाला. मला चादर व्हायचं होतं. पण मागावर नक्षीचं कार्ड कुठंतरी चुकलं आणि मोर विणला गेला तो चोचीशिवाय. पिसारा फुललेला, मान ऐटीत, डोळा जागच्या जागी, फक्त चोच नाही. मालकांनी ती चादर बाजूला टाकली. शिलाईखात्यात चादरींचे काठ दुमडणाऱ्या नागूबाईंनी ती मागून घेतली.

"असू द्या की," त्या म्हणाल्या, "खायाला तोंड न्हाय, म्हंजे पोसायचा खर्च बी न्हाय."

मग त्या मोराच्या मापाने त्यांनी मला शिवलं. दुहेरी तळ, रुंद बंद, कोपऱ्यांवर उलटी टीप. मित्रांनो, इतक्या काळजीने फार थोड्या पिशव्या जन्माला येतात, हे मी नम्रपणे सांगते. नम्रपणा मला जमत नाही, पण सांगते.

पुढे काही वर्षं मी नागूबाईंच्या खांद्यावरून मंगळवार बाजार पाहिला. बाजार माणसांना कळतो, असं माणसांना वाटतं. तो पिशवीला कळतो. भेंडीचं टोक मोडून बघायचं, मोडलं तर घ्यायची, वाकलं तर ठेवायची. शेंगा घेण्याआधी दोन फोडून खायच्या. निघताना कोथिंबिरीच्या चार काड्या वर मागायच्या आणि मिळाल्या नाहीत तर तिथून हलायचं नाही. नागूबाईंची मुलगी धम्मप्रिया हे सगळं माझा एक बंद धरून शिकली. शिवाय ती नर्सिंगही शिकली. मग जर्मन शिकली, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि स्टुटगार्ट शहरातल्या एका हॉस्पिटलने तिला बोलावलं.

अट एकच होती. पहिले सहा महिने काम बघणार. पसंत पडलं तर कायम, नाहीतर परतीचं विमान. इकडे नागूबाईंच्या डोळ्यांना आता काठाची शिवण धरवत नव्हती. सुई चुकून बोटात जायची आणि त्या मुकाट्याने बोट तोंडात घालायच्या. धम्मप्रिया ते पाहायची. ती कायम झाली तर आईची सुई सुटणार होती. घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण मी दाराच्या खिळ्यालाच टांगलेली असायचे. मला सगळं ऐकू येतं. न बोललेलंही.

निघायच्या आदल्या दिवशी प्रदीपमामा आले.

"हे बघ पोरी, परदेशात तोंड उघडायचं न्हाय. समजू दे, न समजू दे, मान डोलवायची. दुकानं चोवीस तास उघडी असतात, तवा हितनं काय बी नेऊ नको. आणि सगळ्यात म्हत्त्वाचं. काय बी झालं तरी 'मी केलं' म्हणायचं न्हाय. आमच्या दुबईला..."

"मामा, तुमी दुबईला हाटेलातच होता की आकरा दिस," नागूबाई चटणी कुटत म्हणाल्या.

"हाटेलातनं सगळी दुबई दिसायची, अक्का."

नागूबाईंनी माझ्यात कडक भाकरीची चवड ठेवली, शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि वाटेत खायला ओंजळभर भाजक्या शेंगा टाकल्या.

"आई, पिशवी कशाला? तिथं मिळतील की."

"मिळंनात का. पिशवी आपली असावी."

मित्रांनो, इथून पुढचं नीट ऐका. तुमच्यापैकी कुणाला कधी परदेशात जावं लागलं, तर हे उपयोगी पडेल.

आम्ही शनिवारी रात्री पोचलो. रविवारी सकाळी धम्मप्रिया मला घेऊन खरेदीला निघाली. पहिलं दुकान बंद. दुसरं बंद. पाचवं बंद. तिला वाटलं, कुणी मोठा माणूस गेला असेल. कुणी गेलं नव्हतं, रविवार आला होता. तिथे रविवारी अख्खं शहर दुकानांना कुलूप घालून फिरायला जातं. त्या दिवशी आम्हाला कडक भाकरीने जगवलं. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते, याचं सोलापूरकरांना काही वाटत नाही. स्टुटगार्टच्या रविवारी वाटतं. तेव्हा आठवड्याचा बाजार शनिवारच्या आत करा आणि मामांचं ऐकण्याआधी मामा नक्की कुठे राहिले होते, ते विचारा.

सोमवारी दुकानात गेलो. काउंटरवरची बाई वस्तू इतक्या वेगाने सरकवत होती, की माग चालवणाऱ्यानेही तोंडात बोट घालावं. पिशवी दुकान फुकट देत नाही. ज्याने आणली नाही, तो दूध, अंडी आणि बटाटे छातीशी धरून रस्त्याने जातो. असे तिघे मी स्वतः पाहिले. मी मात्र तोंड वासून तयार होते. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की नागूबाईंनी दिलेला दुहेरी तळ हा आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे. रिकाम्या बाटल्याही फेकू नका, दुकानातल्या यंत्राला परत द्या. तेही माझंच काम होतं आणि मी ते खणखणाट करत केलं.

आठवडी बाजारात मात्र आमची फजिती झाली. श्रावणघेवडा छान दिसत होता. धम्मप्रियाचा हात आपोआप गेला आणि सवयीने तिने एक शेंग कटकन मोडली. बाजारातली सगळी भाजी एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं. भाजीवाल्या बाईंनी मोडलेले दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना जोडून पाहिले आणि शांतपणे माझ्यात टाकले. तिथे भाजीला हात लावायचा नसतो. बोटाने दाखवायची, त्या देतात. कोथिंबिरीच्या चार काड्या धम्मप्रियाने मागितल्याच नाहीत. शहाण्याला एक घेवडा पुरतो.

कामाचंही तसंच. सहाची पाळी म्हणजे सहाला पाच कमी असताना गणवेशात उभं राहायचं. सहाला पोचलेला माणूस तिथे उशिरा आलेला असतो. आपल्याकडे पेशंटला पुसून काढायला, भरवायला बायको, सून, मेहुणी असते आणि कॉटखाली त्यांची चटई असते. तिथे कॉटखाली फक्त फरशी असते. अंघोळ घालणं, केस विंचरणं, सगळं सिस्टरनेच करायचं. धम्मप्रिया पहिल्या दिवशी थबकली. मग तिने बाह्या वर केल्या. एका म्हाताऱ्या बाईंचे केस तिने असे विंचरले, की दुसऱ्या दिवसापासून त्या दुसऱ्या कुणाला कंगवा लावू देईनात. हेड सिस्टर केलरबाईंनी ते दारातून पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. केलरबाईंनी काही न म्हणणं ही तिथली शाबासकी होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, महिना होत आला तोच धम्मप्रियाचा वाढदिवस आला. तिथली रीत उलटी. ज्याचा वाढदिवस, त्यानेच सगळ्यांना खाऊ आणायचा. लोक केक आणतात. धम्मप्रियाने मला खांद्याला लावलं आणि उरलेली कडक भाकरी व आईची चटणी वॉर्डच्या चहाच्या खोलीत मांडली. भाकरी मोडली की कुरकुर आवाज यायचा आणि जर्मन माणसं खूष व्हायची. मी खुर्चीवर बसून हा सोहळा पाहत होते. मोराला चोच असती तर मी ओरडलेच असते.

योनास नावाचा तरुण ब्रदर आला. त्याने तुकडा उचलला, चटणीपाशी थांबला आणि विचारलं, "यात काय काय आहे?"

धम्मप्रियाने अभिमानाने सांगितलं, "लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ."

मित्रांनो, ती खोटं बोलली नाही. सोलापुरात चटणीत शेंगा आहेत, असं कुणी सांगतं का? विहिरीत पाणी आहे, असं कुणी सांगत नाही. शेंगा नसतील तर सांगावं लागतं.

योनासने खाल्लं. दोन मिनिटांत त्याचा चेहरा लाल झाला. सगळे हसले. "तिखट लागलं!" कुणीतरी दूध दिलं. तोही हसला, मग खोकला, मग गळ्याला हात लावला. धम्मप्रिया हसत नव्हती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. ओठ सुजत होते. मिरचीने डोळ्यांत पाणी येतं, ओठ असे सुजत नाहीत, हे तिला नर्स म्हणून माहीत होतं. आणि मग तिच्या नजरेसमोर उखळ आलं असावं, कारण ती एकदम ओरडली,

"शेंगा! आवं, शेंगा हायत त्यात! अर्ध्याच्या वर शेंगाच हायत!"

कुणालाच काही कळलं नाही. परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली मुलगी, पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडात आईचीच भाषा येते. जर्मन शब्द पार नाहीसा झाला. तेव्हा तिने मला उचललं, उलटं केलं आणि गदागदा झटकलं. रुमाल पडला, किल्ली पडली. आणि माझ्या दुहेरी तळाच्या शिवणीत महिनाभर अडकून राहिलेली प्रवासातली शेवटची शेंग टपकन टेबलावर पडली. धम्मप्रियाने ती उचलून केलरबाईंच्या डोळ्यांसमोर धरली.

केलरबाई धावल्या. योनासच्या कपाटात त्याची औषधाची सुई होती, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली माणसं ती जवळ बाळगतात. ती त्याच्या मांडीत टोचली गेली. डॉक्टर आले. पाऊण तासाने योनास पलंगावर बसून नीट श्वास घेत होता.

मी जमिनीवर पडले होते, पण ताठ मानेने.

संध्याकाळी केलरबाईंनी धम्मप्रियाच्या हातात एक कोरा फॉर्म दिला. काय झालं, कुणामुळे झालं, ते लिहून सकाळी आणायचं होतं. धम्मप्रियाने खोलीवर येऊन घरी फोन लावला. नागूबाईंच्या आधी मामांनीच तो घेतला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सही करू नको! डब्यावर तुझं नाव व्हतं का?"

"न्हाय."

"मग झालं की! तुझाच डबा कशावरनं?"

"मामा, अख्ख्या स्टुटगार्टात भाकरी आणणारी मी एकटीच हाय की."

मामांना दुबईत असा प्रसंग आलेला नव्हता. मग फोनवर नागूबाईंचा आवाज आला.

"पोरगा बरा हाय न्हवं?"

"हाय, आई. पण मला परत धाडतील. मग तुझी सुई..."

"माझ्या सुईचं मी बघती. मी कधी चुकीचा काठ शिवला, तर उसवून परत शिवायची. दुमडून झाकला तर गिऱ्हाइकाला घरी जाऊन दिसतोच. लिव्ह जे झालं ते."

धम्मप्रियाने लिहिलं. चटणी माझी, विचारल्यावर अपुरं सांगितलं ती मी, लक्षात आल्यावर लगेच सांगितलं तीही मी. खाली सही केली. तो फॉर्म माझ्यात ठेवून तिने मला सकाळी नेलं. एवढं हलकं आणि एवढं जड ओझं मी कधी वाहिलं नाही.

केलरबाईंनी तो दोनदा वाचला.

"चूक माझ्याकडूनही होते," त्या म्हणाल्या. "कळल्यावर लपवणारी सिस्टर मला वॉर्डात नको. तू तशी नाहीस. पण यापुढे या टेबलावर पदार्थ येईल तो चिठ्ठीसकट. चिठ्ठ्यांची जबाबदारी तुझी."

सहा महिने झाले त्या दिवशी कायम झाल्याचं पत्र आलं. तेही माझ्यातूनच खोलीवर गेलं. पुढच्या महिन्यात नागूबाईंनी शिलाईखात्याला रामराम ठोकला. धम्मप्रियाने योनासचाही निरोप घरी कळवला होता, 'पुन्हा आण, पण शेंगदाण्याशिवाय.' नागूबाई दोन दिवस विचारात होत्या. "शेंगाबिगर चटणी? मग तिला म्हणायचं तरी काय?" शेवटी त्यांनी कारळाची चटणी कुटून पाठवली. डब्यावर चिठ्ठी होती.

गेल्या महिन्यात धम्मप्रिया सुट्टीवर आली. माझा बंद तुटायला आला होता. मामा म्हणाले, "टाकून दे की ती, आता तू जर्मनीची." माझ्या मोराची मान पहिल्यांदा जरा खाली गेली. पण गल्लीतली प्रतीक्षा पुढच्या पंधरवड्यात त्याच हॉस्पिटलात नर्स म्हणून निघाली आहे आणि धम्मप्रियाने मला तिच्यासाठीच आणलं होतं.

नागूबाईंनी चष्मा लावला. हौसेने हातात घेतलेल्या सुईने त्यांनी माझा बंद पुन्हा शिवला. मग पांढऱ्या कापडाची पट्टी माझ्या पोटावर ठेवली. धम्मप्रियाने कागदावर जर्मनमध्ये दोन शब्द लिहून दिले. नागूबाईंना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण आयुष्यभर नक्षी पाहिलेल्या त्या बाईने एकेक वळण मोजून लाल दोऱ्याने ते उतरवलं. "आत शेंगदाणे आहेत," असं त्यावर लिहिलं आहे. शेवटच्या अक्षराचा दोरा उरला, तेव्हा त्यांनी तो तोडला नाही. मोराच्या तोंडाशी नेला आणि चार टाक्यांत त्याला चोच काढून दिली.

तेव्हा मित्रांनो, पिशवी फाटली तर शिवा, थंड पाण्यात धुवा, उन्हात उलटी वाळवा आणि रिकामी झाली तरी तळ एकदा चाचपून बघा. आत जे आहे ते विचारण्याआधी सांगा. मी तर सांगतेच. कालच प्रतीक्षाच्या आईने मला मंगळवार बाजारात नेलं. माझ्यात पाऊण किलो वांगी होती आणि मी भर बाजारात, अस्खलित जर्मनमध्ये, शेंगदाणे असल्याचं जाहीर करत होते.