शेवटच्या खांबावरची गिरणी

“अव्वा, दोनशे अडुसष्ट व्होल्ट दाखवतोय,” वायरमन दगडोबानं मीटर माझ्यापुढं धरला. “पंखे जळणार न्हाईत तर काय?”

“मीटर तुझा, आकडा तुझा. माझ्या छपरावर ऊन पडतं, त्यात माझा काय गुन्हा?” मी म्हणाले.

शेजारची पार्वतम्मा दारात उभी होती. दोन पंखे जळाले होते तिचे. भांडली असती तर मी जिंकले असते.

दगडोबानं समजावलं. दुष्काळात विहिरी आटल्या, मोटारी बंद पडल्या. दुपारी वीज ओढणारं कोणी उरलं नाही. माझ्या गिरणीवरच्या सोलरची वीज तारेत चढते नि शेवटच्या खांबावरच्या आम्हा दोन घरांत व्होल्टेज फुगतं.

“त्यात डीपीचा टॅप, व्होल्टेज चढवायची कळ, आधीच वर हाय,” तो हळूच म्हणाला. “कुणी चढवाय लावला, सांगू?”

सांगायची गरज नव्हती. पूर्वी साऱ्या मोटारी चालत, तेव्हा संध्याकाळी माझी गिरणी कण्हत थांबायची. डीपीखाली ज्वारीचं पोतं टाकून मीच बसले होते. व्होल्टेज वाढल्याशिवाय उठले नाही.

“उतरवला तर?”

“व्होल्टेज उतरंल, अन् दुपारी गिरणी चालवली की तुमची वीज तुमच्यातच जिरंल. पन सांजंला गावात दिवे लागले, की मोटार वढायची न्हाई.”

तीस वर्षं माझी गिरणी दिवेलागणीला चालली. पीठ पडेपर्यंत गावातल्या बाया माझ्या ओट्यावर बसत. कुणाची सून कशी, हे तिथंच ठरायचं.

पार्वतम्मा पदरानं वारा घेत होती.

“उतरव,” मी म्हणाले. “अन् गिरणीतला माझा पंखा काढून हिच्याकडं लाव.”

“टॅपचं सायबाला विचारावं लागंल.”

“विचार. न्हाई म्हणला तर सांग, म्हातारीचं पोतं अजून हाय.”

आता गिरणी भर दुपारी चालते. टँकरच्या रांगेत घागरी ठेवून बाया टोपली घेऊन येतात. पहिल्याच दिवशी पार्वतम्मा पीठ चिमटीत चोळत म्हणाली, “गौरम्मा, लई जाड पडलंय.”

“दात पडले काय तुझे?”

हसली. तेवढं पुरे झालं.

संध्याकाळी ओटा रिकामा असतो. बल्ब पिवळा पडतो, मी एकटीच टेकून बसते. भिंतीपल्याड माझा पंखा किरकिर करत फिरतो, ते ऐकत राहते. त्याला तेल लागतं, हे मी पार्वतम्माला अजून सांगितलेलं नाही.